जिभेला गाठ, हसून पुरेवाट

2015 साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापुढे एक गहन प्रश्न आला : मासा ही वस्तू आहे की नाही? झालं होतं असं की, फ्लोरिडातल्या एका मच्छीमाराकडे मापापेक्षा लहान मासे सापडले. अधिकाऱ्यानं ते बाजूला काढून ठेवायला सांगितले आणि या गड्यानं बंदर गाठायच्या आत पुरावा समुद्रात सोडून दिला. सरकारनं त्याच्यावर जो कायदा लावला, तो मुळात एन्रॉनच्या घोटाळ्यानंतर, कंपन्यांनी हिशेबाचे कागद फाडू नयेत म्हणून केलेला. (होय, तीच ती दाभोळची एन्रॉन.) त्या कायद्यात कागदपत्रांच्या जोडीला ‘हाताला लागणारी वस्तू’ अशा अर्थाचे शब्द होते. मासा त्यात बसतो का, यावर नऊ न्यायमूर्तींनी खल केला. न्यायमूर्ती एलेना केगन यांचं म्हणणं पडलं, बसतो. आणि आधार म्हणून त्यांनी आपल्या विरोधी मतात डॉ. स्यूस यांच्या 1960 सालच्या, माशांनीच सुरू होणाऱ्या एका यमकी चित्रपुस्तकाचा रीतसर हवाला दिला. पाच विरुद्ध चार मतांनी मच्छीमार सुटला. डॉ. स्यूस हरले.

हरले खरे, पण सर्वोच्च न्यायालयाच्या दप्तरात गेले. पोटभर मूर्खपणा करून इतक्या वर चढलेला बालसाहित्यिक दुसरा दाखवणं कठीण आहे.

या मासेवाल्या पुस्तकाला एक धाकटं आणि जास्त वांड भावंड आहे. त्याचं नाव ‘फॉक्स इन सॉक्स’, जन्म 1965. उघडल्या उघडल्या वाचकाला इशारा मिळतो की बाबा रे, सावकाश वाच, इथं जिभेला धोका आहे. कीटकनाशकाच्या डब्यावर शोभावी अशी सूचना मुलांच्या पुस्तकावर छापलेली पाहून मोठी माणसं गालातल्या गालात हसतात आणि बेसावध राहतात. तिसऱ्या-चौथ्या पानावर त्यांचं हसू मावळतं.

पुस्तकात दोनच मुख्य पात्रं आहेत. एक मोजे घातलेला कोल्हा आणि दुसरा मिस्टर नॉक्स नावाचा सोशीक, पिवळसर प्राणी. कोल्ह्याला एकच खेळ ठाऊक : आपण जीभ अडकेल असं वाक्य घडाघडा म्हणायचं आणि नॉक्सला म्हणायला लावायचं. सुरुवात चार साध्या यमकी शब्दांनी होते. मग विटा घेतलेली कोंबडीची पिल्लं येतात, घड्याळं येतात, मोजे शिवणारी बाई येते, संथ चालीचा कावळा येतो, तळंच्या तळं चाटणारं बदक येतं. नॉक्स विनवतो, रडकुंडीला येतो, माझी जीभ काही रबराची नाही म्हणतो. कोल्हा ढिम्म. शेवटी कोल्हा आपला हुकमी एक्का काढतो. किडे लढताहेत, हातात वल्ही घेऊन लढताहेत, डबक्यात लढताहेत, ते डबकं बाटलीत आहे, ती बाटली एका कुत्र्यावर आहे आणि तो कुत्रा शेवया खातोय. प्रत्येक पायरीला आधीचं सगळं पुन्हा म्हणायचं आणि वर नवीन शब्द चढवायचा. इथं नॉक्सचा संयम सुटतो. तो कोल्ह्याला उचलून त्याच बाटलीत कोंबतो, आजवरचं सर्वांत अवघड वाक्य एका दमात म्हणून दाखवतो, सभ्यपणे आभार मानतो आणि चालू लागतो.

संपलं पुस्तक. कोल्हा सुधारत नाही, नॉक्सला बक्षीस मिळत नाही, आईवडिलांचं ऐकावं असं कुठं सुचवलेलं नाही. तरी सहा दशकं हे पुस्तक छापलं जातंय, आणि ज्या घरात ते शिरतं त्या घरात पोर एकदा वाचून कधीच थांबू देत नाही.

त्याचं कारण शोधायला पुस्तकाकडे नाही, वाचणाऱ्या बापाकडे पाहावं लागतं.

मुलाचा सगळा दिवस जीभ दुरुस्त करून घेण्यात जातो. ‘शाळा’ म्हणताना ‘साला’ म्हणणाऱ्या चिरंजीवांना आई थांबवते, आजी थांबवते, शेजारच्या काकूसुद्धा थांबवतात. ‘आदोबा’ नाही रे, ‘आजोबा’ म्हण. ‘बाल’ नाही, ‘बाळ’. तीन-चार वर्षांच्या माणसाच्या दृष्टीनं घरातले सगळे मोठे म्हणजे चालतेबोलते शुद्धलेखनाचे नियम. आणि रात्री असं एक पुस्तक हातात येतं की, त्यापुढे ऑफिसात तासभर प्रेझेंटेशन देऊन टाळ्या घेणारा बाप पाचव्या ओळीत ‘थांब हं, थांब’ म्हणतो, घसा खाकरतो, पुन्हा सुरू करतो आणि पुन्हा त्याच दगडावर आपटतो. आता चूक मुलाची नाही, बापाची आहे आणि ती दोघांनाही ऐकू आली आहे. मूल चित्राकडे बघतच नाही, बापाच्या तोंडाकडे बघतं. ओठ कसे चुकीच्या वेळी मिटले, जीभ कशी दातांवर आदळली, कान कसे लाल झाले, हे सगळं हातभर अंतरावरून फुकट पाहायला मिळतं. ‘परत!’ अशी जी आरोळी येते ती कोल्ह्यासाठी नसते.

याचा भक्कम पुरावा स्कॉटलंडच्या एका आजीबाईंनी दिला आहे. न्यूझीलंडच्या क्रेग स्मिथ यांचं ‘द वाँकी डाँकी’ हे पुस्तक 2009 साली आलं. मुळात ते गाणं. तीन पायांच्या एका गाढवाची गोष्ट, आणि गोष्ट म्हणजे काय, तर प्रत्येक पानावर गाढवाला एक नवं यमकी विशेषण चिकटतं आणि आधीची सगळी विशेषणं पुन्हा रांगेनं म्हणावी लागतात. पुस्तक बरं चाललं होतं. 2018 मध्ये या आजींनी तान्ह्या नातवाला शेजारी बसवून ते वाचायला घेतलं आणि दोन पानांत त्यांचा तोल गेला. विशेषणं वाढतील तसं हसू वाढत गेलं, श्वास पुरेना, पुढचा शब्द फुटेना. तो व्हिडिओ लाखो लोकांनी पाहिला, दुकानांतल्या प्रती संपल्या, प्रकाशकाला घाईघाईनं नव्या छापाव्या लागल्या. नातू मात्र सगळा वेळ मख्ख चेहऱ्यानं बसून होता. नऊ वर्षं शहाण्यासारखं बेतानं खपणारं पुस्तक एकदम उसळलं ते त्यातल्या गाढवामुळे नव्हे, एका वयस्क बाईची उडालेली धांदल बघून.

आता हा डॉ. स्यूस कोण? पहिली गोष्ट म्हणजे तो डॉक्टर नव्हता. थिओडोर गाइझल हे त्याचं खरं नाव, जन्म 1904, मॅसॅच्युसेट्समधलं स्प्रिंगफील्ड. ऑक्सफर्डला इंग्रजी साहित्य शिकायला गेला आणि पदवी न घेता परत आला; ‘डॉक्टर’ त्यानं स्वतःच लावून घेतलं, मानद पदवी बऱ्याच उशिरा मिळाली. ‘स्यूस’ हे आईचं माहेरचं जर्मन आडनाव. घरात त्याचा उच्चार ‘सॉइस’च्या जवळचा होता, पण सारी अमेरिका ‘सूस’ म्हणत राहिली आणि यानंही नाद सोडला. म्हणजे जगाची जीभ वळवायला निघालेल्या माणसाचं नावच जगाला म्हणता येत नव्हतं. त्याला स्वतःची मुलं नव्हती. ‘फॉक्स इन सॉक्स’ त्यानं अर्पण केलं आहे दोन ओळखीच्या स्त्रियांना, आणि त्यांचा पत्ता दिला आहे ‘माउंट सोलेडॅड भाषिक प्रयोगशाळा’. अशी प्रयोगशाळा कधीच नव्हती. माउंट सोलेडॅड म्हणजे कॅलिफोर्नियात गाइझलचं घर होतं ती टेकडी. त्या दोघींपैकी ऑड्रीशी त्यानं पुढे 1968 मध्ये लग्न केलं, तेव्हा प्रयोग अगदीच वाया गेला नाही.

गंमत अशी की हा सगळा उच्छाद सुरू झाला तो एका गंभीर शैक्षणिक तक्रारीतून. 1954 साली लेखक जॉन हर्सी यांनी ‘लाइफ’ साप्ताहिकात लिहिलं की, अमेरिकन मुलं वाचायला शिकत नाहीत, कारण त्यांच्या हातात दिलेली वाचनाची पुस्तकं भयाण कंटाळवाणी आहेत. आपल्याकडे ‘कमल, नमन कर’ म्हणून जी पिढी वाचायला शिकली तिला ही तक्रार समजावून सांगायला नको. एका पाठ्यपुस्तक प्रकाशकानं गाइझलला गाठलं, पहिलीतल्या मुलाला येतील अशा तीनशेच्या वर शब्दांची यादी दिली आणि सांगितलं, यातूनच पुस्तक कर. गाइझल यादी घेऊन बसला तो दीड वर्ष बसला. त्यातून 1957 मध्ये ‘द कॅट इन द हॅट’ निघालं. त्यात एकूण वेगवेगळे शब्द 236. त्यांतले 221 एकाच अवयवाचे, म्हणजे एका झटक्यात उच्चारायचे, 14 दोन अवयवांचे आणि तीन अवयवांचा शब्द फक्त एक. एवढ्या भांडवलावर घरात घुसलेल्या एका बोक्यानं अमेरिकेच्या वाचनमाला मोडीत काढल्या.

मग बेनेट सर्फ या प्रकाशकानं पैज मारली : 236 ठीक, पन्नास शब्दांत करून दाखव. पैज पन्नास डॉलरची. 1960 चं ‘ग्रीन एग्ज अँड हॅम’ बरोबर पन्नास शब्दांत बसलंय, त्यांतले एकोणपन्नास एकावयवी. पैजेचे पैसे सर्फनं कधी दिलेच नाहीत, असं गाइझल सांगत असे. प्रकाशक आणि लेखक यांच्या नात्यात कॅलिफोर्निया आणि कसबा पेठ असा फरक नसतो.

मराठी वाचकानं मात्र यात फार दिपून जाऊ नये. आपल्याकडे मोरोपंत होऊन गेले आहेत. अठराव्या शतकातल्या, बारामतीच्या या पंतांनी एकशे आठ रामायणं लिहिली, आणि तीच तीच गोष्ट सांगायची तर निदान अटी नव्या हव्यात म्हणून दर वेळी स्वतःला नवी बेडी घातली. त्यांतलं एक ‘निरोष्ठ रामायण’. अट अशी की, प, फ, ब, भ, म ही ओठ मिटवणारी अक्षरं वापरायची नाहीत. म्हणजे रामायण सांगायचं आणि ‘राम’ म्हणायचं नाही! पन्नास डॉलरची पैजही नाही, उगाच. गाइझल बारामतीला जन्मला असता तर एकशे नववं त्यानं लिहिलं असतं.

तालाच्या बाबतीतही ओळख निघते. 1936 मध्ये गाइझल युरोपहून बोटीनं परत येत होता. समुद्र खवळलेला, आणि खाली इंजिनाची एकसुरी धडधड. दोन हलके ठोके, एक जड, पुन्हा दोन हलके, एक जड. ती धडधड डोक्यातून जाईना, म्हणून त्यानं तिच्यावर शब्द बसवले आणि त्यातून पुढच्या वर्षी त्याचं पहिलं बालपुस्तक निघालं. इंग्रजीत या चालीला मोठं ग्रीक नाव आहे. पण शाळेत ‘यमाताराजभानसलगा’ घोकलेल्या माणसानं बोटांवर मोजून पाहावं : लघु, लघु, गुरू म्हणजे आपला स गण. एका ओळीत चार स गण आले की झालं तोटक वृत्त. इंग्रजीत मोजतात तो आघात आणि आपण मोजतो त्या मात्रा, एवढा फरक सोडला तर डॉ. स्यूसची लांब ओळ म्हणजे सरळसरळ तोटक. जे वृत्त आपल्याकडे शंकराचार्यांच्या शिष्यानं गुरुस्तुतीसाठी वापरलं, त्यात तिकडे कासवं एकमेकांच्या पाठीवर चढतात. (त्या पहिल्या पुस्तकात एका चिनी माणसाचं हिणवणारं चित्र होतं. अशा चित्रांमुळे 2021 मध्ये त्याच्या सहा पुस्तकांची छपाई त्याच्याच वारसा संस्थेनं थांबवली, आणि ठीकच केलं.)

यमकाच्या हट्टातून प्राणीसुद्धा जन्माला येतात. ब्रिटनच्या ज्यूलिया डोनाल्डसन यांना 1999 च्या ‘द ग्रफलो’मध्ये खरं तर वाघ हवा होता. पण इंग्रजी वाघाशी जुळेल असं यमक मिळेना. मग त्यांनी वाघच रद्द केला आणि ओळीला सोयीचा एक सुळेवाला, चामखीळवाला प्राणी नव्यानं घडवला. मराठीत लिहायला बसल्या असत्या तरी फारसं काही वेगळं झालं नसतं. ‘वाघ’ला यमक काय, तर ‘माघ’. गोष्ट कायम कडाक्याच्या थंडीत घडवावी लागली असती.

पण मुळात जीभ अडखळते का? यावर शास्त्रज्ञांनी काम केलंय, आणि ते हसू दाबून केलं असावं. 2013 साली एमआयटीतल्या संशोधकांनी जगातलं बहुधा सर्वांत अवघड वाक्य सादर केलं : ‘पॅड किड पोअर्ड कर्ड पुल्ड कॉड’. प्रयोगातले काही जण वाक्याच्या मध्येच बोलायचे थांबले. अर्थ विचारू नये. एवढंच कळतं की कुणीतरी दही ओतलं आणि मासा ओढला. दही आणि मासा एका जेवणात, म्हणजे घशात अडकणारच, असं कोणत्याही आजीनं प्रयोगाशिवाय सांगितलं असतं. याच संशोधकांना असंही आढळलं की ‘टॉप कॉप’सारखी जोडी भरभर म्हणताना माणूस कधी कधी ‘ट’ आणि ‘क’ जवळजवळ एकाच वेळी काढून मोकळा होतो. तोंडात दोन गडी एकाच दारातून बाहेर पडायला धावतात आणि चौकटीत अडकतात.

त्याच वर्षी कॅलिफोर्नियातल्या मेंदूतज्ज्ञांनी दाखवून दिलं की, बोलताना मेंदूतले आदेश अवयवांप्रमाणे गट करून सुटतात : ओठांच्या आवाजांचा एक गट, जिभेच्या शेंड्याच्या आवाजांचा दुसरा, जिभेच्या मागल्या भागाचा तिसरा. ‘नेचर’मध्ये छापून आलं. आपल्याकडे हे पहिलीच्या पाटीवर छापून येतं. क ख ग घशापाशी, च छ ज टाळूला, ट ठ ड त्याहून वर जीभ वळवून, त थ द दातांवर, प फ ब ओठांवर. आपली वर्णमाला म्हणजे तोंडाचा नकाशाच, घशापासून बाहेरच्या दारापर्यंत क्रमानं काढलेला. शेजारशेजारच्या घरांतले आवाज एकाआड एक बोलवायचे, पोस्टमनला गोंधळात टाकायचं, की जिभेला गाठ पडलीच.

त्यात मराठीनं आणखी एक खोडी करून ठेवली आहे. आपले ‘च’ दोन आहेत आणि लिहायला अक्षर एकच. ‘चंद्र’ मधला वेगळा, ‘चांदणं’ मधला वेगळा. ‘चिमटा’ टाळूला लागतो, ‘चूल’ दातांपाशी फुटते. मराठी मूल हा भेद कुणी न शिकवता उचलतं, आणि अमराठी पाहुणे तो जन्मभर शोधत राहतात. आता नमुन्यादाखल हे घ्या : चुलतीच्या चुलीपाशी चार चिमटे, चौथ्या चिमट्याला चिकटला चोथा. कागदावर सगळे ‘च’ सारखे दिसतात, तोंडात मात्र पहिला पुढे, दुसरा मागे, तिसरा पुढे अशी कवायत चालते. दहा वेळा मोठ्यानं आणि भरभर म्हणावं. मनातल्या मनात म्हटलं तर ते धरलं जाणार नाही.

या वेडेपणाला शिक्षणशास्त्राचं प्रमाणपत्रही आहे, ज्यांना लागतं त्यांच्यासाठी. ब्रॅडली आणि ब्रायंट या ऑक्सफर्डच्या जोडीनं 1983 साली सुमारे 400 मुलांचा काही वर्षं पाठपुरावा करून छापलं की, ज्या चिमुरड्यांचा कान यमक आणि अनुप्रास चटकन ओळखतो ती पुढे वाचायला चांगली शिकतात. चाचणी साधी : ‘हात, भात, वात, केस’ अशा धर्तीचे शब्द ऐकवायचे आणि यातला परका कोण ते विचारायचं. ससेक्स विद्यापीठात 2011 मध्ये असंही दिसलं की, तीन वर्षांच्या मुलांना वेगवेगळ्या गोष्टी ऐकवण्यापेक्षा तीच गोष्ट पुन्हा पुन्हा ऐकवली तर नवे शब्द जास्त पक्के बसतात. म्हणजे ‘परत!’ ओरडणारं कार्टं शास्त्रशुद्ध वागत असतं. ही बातमी मुलांपर्यंत पोहोचू न दिलेली बरी.

सर्वांवर कडी केली ती नॉर्थ कॅरोलिनातल्या डीकॅस्पर आणि स्पेन्स यांनी. त्यांनी गरोदर बायकांना शेवटचे सहा आठवडे रोज दोनदा मुलांची एक ठरावीक गोष्ट मोठ्यानं वाचायला लावली. काहींच्या वाट्याला आला तोच तो टोपीवाला बोका. बाळं जन्मल्यावर त्यांच्या तोंडात चोखणी आणि कानाला आवाज अशी जोडणी केली : चोखण्याची लय बदलली की गोष्ट बदलणार. अवघ्या काही दिवसांची ती पोरं पोटात ऐकलेली गोष्ट लागावी अशा लयीत चोखू लागली. 1986 साली हा निबंध प्रसिद्ध झाला तेव्हा पश्चिमेला फार नवल वाटलं. महाराष्ट्रात कोणत्याही कीर्तनाला गेलेल्या माणसाला वाटणार नाही. अभिमन्यूनं याच मार्गानं चक्रव्यूहाचा अर्धा अभ्यासक्रम पुरा केला होता. अर्धाच राहिला, कारण ऐकता ऐकता सुभद्रेचा डोळा लागला. आता चक्रव्यूह कसा भेदावा हे गद्यात सांगितलं की डोळा लागणारच. तीच माहिती यमकात, वल्ही घेतलेल्या किड्यांसकट सांगितली असती, तर महाभारताचा तेरावा दिवस वेगळा उजाडला असता.

या खानदानातले एक बुजुर्ग मुंबईला येऊनही गेले आहेत. इंग्रजी निरर्थकवाणीचे आद्यपुरुष एडवर्ड लिअर 1873 च्या अखेरीस व्हाइसरॉयच्या निमंत्रणावरून हिंदुस्थानात उतरले, वर्षभर चित्रं काढत हिंडले, आणि इथल्या साहेबी घरांतले शब्द कानावर पडताच त्यांची कळी खुलली. 1874 मध्ये ‘टाइम्स ऑफ इंडिया’त त्यांची एक कविता आली. तिच्यात ‘धोबी’ ही बसायची जागा आहे आणि ‘कमरबंद’ हा माणसं गिळणारा राक्षस. ज्यांना शब्दांचे खरे अर्थ माहीत होते तेच पोट धरून हसले असतील. बंगालमध्ये सुकुमार राय यांनी ‘आबोल ताबोल’मध्ये या कलेला आपलं घर दिलं, 1923 साली पुस्तक बाहेर आलं तेव्हा त्यांना जाऊन नऊ दिवस झाले होते, आणि मुलगा सत्यजित दोन वर्षांचा होता. मराठीत विंदा करंदीकरांनी ‘राणीची बाग’ आणि ‘एटू लोकांचा देश’ लिहून पोरांना उलट्या जगाची सफर घडवली. शेक्सपिअरच्या राजा लिअरचं भाषांतर करणाऱ्या या माणसाचं गोत्र दुसऱ्या लिअरशीही जुळत होतं. पुढे त्यांना ज्ञानपीठ मिळालं. बालकवितेचा त्यात किती वाटा धरला गेला कोण जाणे, अर्धा तरी धरायला हवा होता.

आज ‘फॉक्स इन सॉक्स’ची खरी कुस्ती बघायची तर न्यू जर्सीला, मुलाकडे सहा महिन्यांसाठी गेलेल्या आबांच्या शेजारी बसावं. बँकेतून निवृत्त झालेले, इंग्रजी पत्रव्यवहारात हयात घालवलेले आबा चष्मा पुसून पुस्तक उघडतात आणि प्रत्येक ‘ट’ला जीभ टाळूपर्यंत वळवून ठणठणीत वाचतात. नात तिथलीच. ती दर ओळीला ‘नो, आबा’ म्हणते. किड्यांच्या लढाईपाशी आबांचा नॉक्स होतो. मग ते पुस्तक मिटतात, म्हणतात ‘आता माझी पाळी’, आणि आपल्या आज्जीकडून आलेलं, काळ्यागोऱ्या राळ्यांच्या सरमिसळीचं ते जुनं वाक्य काढतात. जिच्या शाळेत ‘ळ’ नावाचा आवाज कुणी ऐकलेला नाही, ती पोर ‘र’ आणि ‘ल’च्या चिखलात रुतते, हसते, पुन्हा उठते, पुन्हा रुतते. हिशेब फिटतो. राळा म्हणजे काय हे आईला विचारावं तर तिलाही धड ठाऊक नसतं. ते एक भरडधान्य. सध्या सुपरमार्केटात त्यावर इंग्रजी चिठ्ठी असते ‘फॉक्सटेल मिलेट’. म्हणजे फिरून कोल्हाच.

हे राळे, कच्चे-पक्के पापड, चटईला टोचणारी टाचणी ही सगळी मंडळी मराठीत पिढ्यान् पिढ्या मुख्यतः तोंडातोंडीच राहत आली. त्यांना आता चित्रं हवीत. एकेक वाक्य पानापानांतून वाढत जाणारं, बत्तीस पानी, जाड कागदाचं, कुठलाही बोध नसलेलं. इंग्रजी पुस्तकांची भाषांतरं इथं उपयोगाची नाहीत. कोल्ह्याच्या पायातले मोजे मराठीत नुसतेच मोजे राहतात, जिभेला कुठं अडत नाहीत. आपल्याला आपल्या ‘च’चं आणि ‘ळ’चं पुस्तक लागेल. चित्रकारांनी आणि प्रकाशकांनी हे मनावर घ्यावं. शेवटच्या पानावर ‘यातून आपण काय शिकलो?’ ही चौकट मात्र कृपा करून घालू नये.

आणि पालकांना एक व्यवहारातली सूचना. अडखळण्याचं नाटक करू नका, पोरांना ते लगेच कळतं. भरभर वाचा, खरंच अडखळाल. दुसरं, असलं पुस्तक निजायच्या वेळी काढू नका. त्यानं मूल झोपत नाही, उलट झोपलेली आजी उठून बसते. झोपवायचंच असेल तर सोसायटीच्या वार्षिक सभेचं इतिवृत्त वाचा.